इन्फ्लुएन्झाच्या साथीत नमुने कोणाचे, केव्हा आणि कसे पाठवावेत?

निवासी_वैद्य (प्रश्न)

नमस्कार. एका वृद्धनिवासातील रहिवाशांच्या प्रकृतीची जबाबदारी माझ्याकडे आहे. परवापासून तेथील एकाच मजल्यावरच्या बऱ्याच जणांना अचानक ताप, कोरडा खोकला, घसादुखी आणि अंगदुखी सुरू झाली असून त्याच मजल्यावर काम करणारे काही सेवकही आजारी पडले आहेत. जागेवर रॅपिड अँटिजेन चाचणी केली तेव्हा एका आजोबांची चाचणी इन्फ्लुएन्झा ए साठी पॉझिटिव्ह आली. लक्षणे अगदी तशीच असलेल्या इतरांच्या चाचण्या मात्र निगेटिव्ह आल्या. साथरोग विभागाला मी दूरध्वनीवरून कळवले असून आरटी-पीसीआरसाठी संदर्भ प्रयोगशाळेकडे नमुने पाठवावेत, असे त्यांनी सांगितले आहे.

सर्वच आजारी व्यक्तींचे नमुने पाठवायचे की निवडक? निवडक असतील तर निवड कोणत्या निकषावर करावी? स्वॅब नाकातून घ्यावा की घशातून? आणि अहवाल येईपर्यंत औषधोपचार थांबवून ठेवावेत का? प्रयोगशाळेच्या फॉर्ममध्ये बरेच रकाने आहेत. त्यांतील कोणते रकाने खरोखर महत्त्वाचे आहेत, हेही प्रत्यक्ष काम करणाऱ्यांकडून समजून घ्यायचे आहे.

सूक्ष्मदर्शी

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो रुग्णाच्या जिवाशी निगडित आहे. उपचार थांबवू नका. ओसेल्टामिव्हिरसारख्या विषाणूरोधक औषधाचा सर्वाधिक उपयोग लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत होतो, आणि वृद्ध, गरोदर स्त्रिया, हृदयविकार किंवा फुप्फुसांचे जुने आजार असलेले रुग्ण यांच्या बाबतीत केवळ लक्षणांवरून व साथीच्या संदर्भावरून औषध सुरू करणे योग्यच ठरते. पहिल्या मात्रेच्या आधी स्वॅब घेता आला तर उत्तम. पण स्वॅबसाठी मात्रा लांबवू नये. नमुना प्रामुख्याने साथ ओळखण्यासाठी आणि विषाणूचा प्रकार समजण्यासाठी आहे, समोरच्या आजोबांना औषध द्यावे की नाही हे ठरवण्यासाठी त्याची वाट पाहणे परवडणारे नाही.

आता निवडीविषयी. साथीच्या सुरुवातीला सर्वांचे नमुने पाठवण्याची गरज नसते. साधारणपणे पाच-सहा चांगले नमुने साथीचे कारण निश्चित करण्यास पुरेसे ठरतात. त्यांतील ‘चांगले’ या शब्दावर माझा सगळा भर आहे. इन्फ्लुएन्झाचा विषाणू लक्षणांच्या सुमारे एक दिवस आधीपासून नाकघशात सापडू लागतो, पहिल्या दोन-तीन दिवसांत त्याचे प्रमाण सर्वाधिक असते आणि प्रौढांमध्ये पाचव्या ते सातव्या दिवसापर्यंत ते बरेच ओसरते. त्यामुळे ज्यांची लक्षणे काल किंवा आज सुरू झाली त्यांचे नमुने आधी घ्या आणि शक्यतो चौथ्या दिवसाच्या पुढे जाऊ नका. सर्वांत आधी आजारी पडलेली व्यक्ती साथीच्या इतिहासात महत्त्वाची असते हे खरे. पण ती आता बरी होत आली असेल तर तिच्या नमुन्यातून काही हाती लागण्याची शक्यता कमी. दुसरीकडे, ज्यांची प्रकृती गंभीर आहे, ज्यांना लस दिलेली असूनही आजार झाला आहे, किंवा औषध सुरू असूनही ज्यांना उतार पडत नाही, अशा रुग्णांचे नमुने दिवस थोडे पुढे गेले असले तरी अवश्य पाठवावेत. लहान मुले व प्रतिकारशक्ती क्षीण असलेले रुग्ण यांच्यात विषाणू अधिक काळ टिकतो. व्हेंटिलेटरवरील रुग्णाच्या नाकातील नमुना निगेटिव्ह आला तरी श्वासनलिकेतील स्रावात विषाणू सापडू शकतो, म्हणून तेथे खालच्या श्वसनमार्गाचा नमुना घेतला पाहिजे.

वृद्धनिवासात आणखी एक काळजी घ्यावी. वयस्कर व्यक्तींना इन्फ्लुएन्झात ताप येईलच असे नाही. अचानक खाणे सुटणे, गोंधळल्यासारखे होणे, नेहमीपेक्षा अधिक झोपून राहणे एवढीच लक्षणे असू शकतात. केवळ तापाच्या यादीवरून नमुने निवडले तर अशा व्यक्ती हमखास सुटतात.

आपल्या निगेटिव्ह रॅपिड चाचण्यांचे आश्चर्य वाटत नाही. या चाचण्यांची विशिष्टता (आजार नसलेल्याला निगेटिव्ह ठरवण्याची क्षमता) चांगली असते; मात्र संवेदनशीलता (आजार असलेल्याला पॉझिटिव्ह ठरवण्याची क्षमता) साधारण ५० ते ७० टक्के एवढीच असते. म्हणजे साथ सुरू असताना पॉझिटिव्ह निकालावर बऱ्याच विश्वासाने विसंबता येते, निगेटिव्ह निकालावर नाही. एका पॉझिटिव्ह निकालावर आणि तशाच लक्षणांच्या समूहावर आपण साथ गृहीत धरून अलगीकरण व मास्कचा वापर सुरू केला असेलच. प्रयोगशाळेला मात्र इन्फ्लुएन्झाबरोबर कोविडचा विषाणू व आरएसव्ही (श्वसनमार्गाला बाधा करणारा आणखी एक विषाणू) यांचीही तपासणी करण्याची विनंती करा. लक्षणांवरून हे तिन्ही वेगळे काढता येत नाहीत आणि एकाच मजल्यावर दोन विषाणू एकाच वेळी फिरत असणे अशक्य नाही.

शुश्रूषा

मी परिचारिका असून नमुने घेण्याचे व पाठवण्याचे काम नियमितपणे करते. डॉक्टरसाहेबांनी निवडीचे सांगितले आहे, मी प्रत्यक्ष कृतीविषयी लिहिते, कारण प्रयोगशाळेतील यंत्र कितीही अचूक असले तरी स्वॅबच्या टोकावर जे आले नाही ते त्याला सापडणार नाही.

इन्फ्लुएन्झासाठी नाकाच्या मागच्या टोकापर्यंत नेलेला नेझोफॅरिंजियल स्वॅब सर्वांत चांगला. तो शक्य नसेल तर नाकाचा एक व घशाचा एक असे दोन स्वॅब घेऊन ते एकाच ट्यूबमध्ये ठेवावेत. केवळ घशाच्या स्वॅबमध्ये विषाणू कमी प्रमाणात येतो. स्वॅबचे टोक कृत्रिम धाग्याचे म्हणजे नायलॉन, डेक्रॉन किंवा रेयॉनचे असावे आणि दांडी प्लास्टिकची असावी. कापसाचे टोक व लाकडी दांडी किंवा कॅल्शियम अल्जिनेटचे टोक वापरू नये. त्यांतील घटक पीसीआरच्या प्रक्रियेत अडथळा आणू शकतात.

रुग्णाला बसवून डोके किंचित मागे टेकवायला सांगावे आणि आधी नाक शिंकरून घ्यायला लावावे. येथे एक चूक फार पाहण्यात येते: स्वॅब नाकपुडीतून वर, कपाळाच्या दिशेने नेला जातो. तो वर न नेता टाळूला समांतर, कानाच्या दिशेने सरळ मागे न्यायचा असतो. नाकपुडीपासून कानापर्यंतच्या अंतराच्या साधारण निम्मे अंतर गेल्यावर मागच्या भिंतीचा अटकाव हाताला जाणवतो. तेथे काही सेकंद स्वॅब तसाच राहू द्यावा, म्हणजे टोक स्राव शोषून घेते. मग हलकेच गोल फिरवत बाहेर काढावा. मध्येच अडथळा जाणवला तर जोर लावू नये, दुसऱ्या नाकपुडीतून प्रयत्न करावा. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या वृद्धांबाबत ही काळजी विशेषच. रुग्णाच्या डोळ्यांत पाणी येते, खोकल्याची उबळ येते, म्हणून समोर उभे न राहता थोडे बाजूला उभे राहावे. हातमोजे, मास्क आणि डोळ्यांचे संरक्षण तर हवेच.

स्वॅब लगेच व्हीटीएमच्या (वाहतुकीत विषाणू टिकवणाऱ्या द्रवाच्या) ट्यूबमध्ये बुडवून दांडी खुणेच्या जागी मोडावी आणि झाकण घट्ट बसवावे. दांडी लांब राहिली की झाकण तिरके बसते आणि वाहतुकीत ट्यूब गळते. ट्यूबमधील द्रव बहुतेक उत्पादनांत गुलाबी असतो. वापरण्यापूर्वीच तो पिवळा किंवा गढूळ दिसत असेल तर त्यात जंतूंची वाढ झालेली असण्याची शक्यता असते. ती ट्यूब बाजूला काढावी. मुदत संपल्याची तारीखही तेव्हाच पाहावी. आपल्याला पुरवलेल्या ट्यूबमध्ये विषाणू निष्क्रिय करणारे द्रावण आहे का, हेही लेबलवर वाचून घ्यावे. अशा द्रावणातील नमुना पीसीआरला चालतो. विषाणू वाढवण्यासाठी मात्र तो उपयोगी पडत नाही, आणि त्यात ग्वानिडिन थायोसायनेट असेल तर सांडलेला द्रव ब्लीचने पुसू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो.

लेबल ट्यूबवर लावावे, झाकणावर नव्हे, आणि ते रुग्णाच्या शेजारीच लावावे. सगळ्यांचे स्वॅब घेऊन टेबलावर येऊन एकदम लेबले लावण्याची सवय धोक्याची आहे. एकाच मजल्यावर सारख्या आडनावाच्या दोन व्यक्ती असल्या की अदलाबदल होते आणि ती नंतर कोणालाही शोधून काढता येत नाही. नावाबरोबर दुसरी ओळख, म्हणजे जन्मतारीख किंवा नोंदणी क्रमांक, तसेच संकलनाची तारीख व वेळ एवढे लेबलवर असलेच पाहिजे. ओलाव्याने पुसली जाणारी शाई वापरू नये. फॉर्मवरील आणि ट्यूबवरील नावात एखाद्या अक्षराचा फरक असला तरी प्रयोगशाळा नमुना बाजूला ठेवू शकते, आणि त्यांचे ते करणे योग्यच आहे.

पॅकिंग तीन थरांचे असते. ट्यूब हा पहिला थर. तिच्याभोवती सगळा द्रव शोषला जाईल एवढा शोषक कागद गुंडाळून ती दुसऱ्या न गळणाऱ्या पिशवीत किंवा डब्यात घालावी. अनेक ट्यूब असतील तर त्या एकमेकींवर आपटणार नाहीत अशा वेगवेगळ्या गुंडाळाव्यात. त्याबाहेर तिसरा, कडक खोका. आइस पॅक दुसऱ्या थराच्या बाहेर, खोक्यात ठेवायचे. फॉर्म दुसऱ्या थराच्या बाहेर वेगळ्या पिशवीत ठेवावा. ट्यूबभोवती गुंडाळलेला फॉर्म ओला झाला की वाचता येत नाही आणि दूषित म्हणून हाताळताही येत नाही. खोक्यावर यूएन ३३७३ ची (जैविक नमुन्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय खुणेची) चौकट आणि पाठवणारा व घेणारा या दोघांचे पत्ते व दूरध्वनी क्रमांक हवेत.

साथनोंद

फॉर्मच्या रकान्यांविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून साथसर्वेक्षणाच्या बाजूने लिहितो. एकच रकाना भरता येणार असेल तर लक्षणे सुरू झाल्याची तारीख भरा, असे मी म्हणेन. हाच रकाना सर्वांत जास्त वेळा रिकामा येतो. ती तारीख नसेल तर निगेटिव्ह अहवालाचा अर्थच लावता येत नाही: विषाणू नव्हता म्हणून निगेटिव्ह, की नमुना आठव्या दिवशी घेतला म्हणून निगेटिव्ह, हे प्रयोगशाळेला कसे कळणार? शिवाय साथीचा आलेख त्या तारखेवरच काढला जातो. संकलनाच्या किंवा अहवालाच्या तारखेवर काढलेला आलेख आपण नमुने केव्हा पाठवले एवढेच दाखवतो.

त्यानंतर महत्त्वाचे म्हणजे नमुन्याचा प्रकार, रुग्णालयात दाखल आहे की नाही, इन्फ्लुएन्झाची लस घेतली का व केव्हा, विषाणूरोधक औषध सुरू केले का व कोणत्या तारखेला, अलीकडचा प्रवास, आणि पक्षी, डुकरे किंवा गुरे यांच्याशी आलेला संपर्क. सर्व फॉर्मवर साथरोग विभागाने दिलेला एकच साथक्रमांक लिहा. तो नसेल तर एकाच मजल्यावरचे पाच नमुने प्रयोगशाळेत पाच स्वतंत्र रुग्ण म्हणून नोंदले जातात आणि समूह कोणाच्या लक्षातही येत नाही.

नमुना पाठवल्यावर पुढे काय होते, हेही प्रत्येक डॉक्टरने जाणून घ्यावे असे मला मनापासून वाटते. प्रयोगशाळा आधी इन्फ्लुएन्झा ए की बी हे पाहते. ए असेल तर सध्या माणसांत फिरणारे एच१ आणि एच३ हे उपप्रकार तपासते. त्याच वेळी मानवी पेशींतील आरएनेज पी हे जनुकही तपासले जाते. तेच सापडले नाही तर स्वॅबवर पुरेशा पेशीच आल्या नाहीत असा अर्थ होतो आणि नमुना पुन्हा मागवला जातो. काही निवडक पॉझिटिव्ह नमुने राष्ट्रीय इन्फ्लुएन्झा केंद्रांमार्फत जागतिक आरोग्य संघटनेच्या १९५२ पासून चालत आलेल्या जाळ्यात जातात आणि वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी व सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, लशीत कोणते विषाणू असावेत हे त्यांच्या आधारे सुचवले जाते. वृद्धनिवासातल्या एखाद्या आजींच्या नाकातला स्वॅब तिथवर पोहोचू शकतो.

रुग्णहित

एक शंका विचारतो. पाच-सहाच नमुने का? प्रत्येक रुग्णाला आपल्या आजाराचे निश्चित निदान कळण्याचा हक्क नाही का? मी लहान रुग्णालयात काम करतो आणि नातेवाईक सरळ विचारतात की शेजारच्या खाटेवरील रुग्णाची चाचणी केली, आमची का नाही.

सूक्ष्मदर्शी

प्रश्न रास्त आहे. येथे दोन वेगळी कामे आहेत. साथीचे कारण ओळखण्यासाठी पाच-सहा नमुने पुरतात. एखाद्या रुग्णाच्या उपचारात चाचणीमुळे निर्णय बदलणार असेल तर त्या रुग्णाची चाचणी संख्येकडे न पाहता करावी. दाखल झालेला रुग्ण, न्यूमोनिया झालेला रुग्ण, ज्याचे निदान संदिग्ध आहे असा रुग्ण, ज्याला इतरांसोबत एकाच खोलीत ठेवायचे की वेगळे हे ठरवायचे आहे असा रुग्ण, हे सर्व त्यात येतात. परंतु साथ सिद्ध झाल्यावर त्याच मजल्यावरील, त्याच लक्षणांच्या आणि औषध आधीच सुरू झालेल्या व्यक्तीचा नमुना घेऊन तिच्यासाठी काहीच बदलत नाही. साथीच्या भरात प्रयोगशाळेकडे असे शेकडो नमुने एकदम आले की अतिदक्षता विभागातील रुग्णाचा अहवाल त्यांच्यामागे अडकतो. नातेवाइकांना हेच शांतपणे सांगावे: चाचणी केली नाही याचा अर्थ उपचार कमी केले असा नाही.

निवासी_वैद्य

सर्वांचे मनःपूर्वक आभार. साथनोंद यांनी पक्ष्यांच्या संपर्काचा उल्लेख केल्यामुळे मी आजारी सेवकांना पुन्हा विचारले. त्यांतील एकाच्या घरी कोंबड्या आहेत आणि गेल्या आठवड्यात त्यांतील काही एकाएकी मेल्या. त्याचे डोळेही लाल झाले आहेत. त्याचा नमुना इतरांबरोबरच पाठवावा का?

साथनोंद

नाही, तो नमुना इतरांबरोबर मुकाट्याने पाठवू नका. आधी साथरोग विभागाला आणि नंतर प्रयोगशाळेला दूरध्वनी करा आणि मृत पक्ष्यांचा संपर्क स्पष्ट शब्दांत सांगा. सध्या मजल्यावर फिरत असलेला विषाणू नेहमीचाच हंगामी असण्याची शक्यता अधिक आहे. तरीही या एका व्यक्तीला वेगळे ठेवून तिची स्वतंत्र चौकशी झालीच पाहिजे. नेझोफॅरिंजियल स्वॅब, नाक व घसा यांचा एकत्रित नमुना आणि डोळे लाल असल्यामुळे डोळ्याच्या आतील आवरणाचा स्वॅब, असे तीन वेगळ्या ट्यूबमध्ये घ्यावेत. २०२४ साली अमेरिकेत आजारी दुभत्या गाईंच्या संपर्कातून एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूची बाधा झालेल्या अनेक कामगारांत डोळे येणे हेच ठळक लक्षण होते. नमुना घेणाऱ्याने एन-९५ मास्क, चष्मा व गाऊन वापरावा. ओसेल्टामिव्हिर आजच सुरू करावे. प्रयोगशाळेला आधी कळवणे यासाठी आवश्यक आहे की असा नमुना नेहमीच्या सुरक्षापातळीवर विषाणूवाढीसाठी वापरता येत नाही. फॉर्मवर काही लिहिलेले नसेल तर तेथील तंत्रज्ञ नकळत धोक्यात येतात.

अहवालात ‘इन्फ्लुएन्झा ए पॉझिटिव्ह, उपप्रकार जुळला नाही’ असे आले तर तो अर्धवट अहवाल समजून फाइलला लावू नये. विषाणूचे प्रमाण फार कमी असले तरी असे होते. पण नवा विषाणूही प्रथम असाच दिसतो. १९९७ च्या मे महिन्यात हाँगकाँगमधील एका बालकाच्या नमुन्यातील इन्फ्लुएन्झा ए तेव्हा उपलब्ध असलेल्या चाचण्यांनी ओळखता आला नाही. परदेशातील प्रयोगशाळांनी तो एच५एन१ असल्याचे ऑगस्टमध्ये सांगितले. २००९ साली कॅलिफोर्नियातील दोन मुलांच्या नमुन्यांतही उपप्रकार जुळला नव्हता. ते नमुने सीडीसीकडे (अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेकडे) पोहोचले आणि १५ व १७ एप्रिलला त्यांत पूर्वी माणसांत न आढळलेला एच१एन१ असल्याचे निश्चित झाले. त्या वर्षीच्या जागतिक साथीची ओळख पटण्याची सुरुवात या दोन स्वॅबपासून झाली. नव्या उपप्रकाराची मानवी बाधा ही आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीनुसार जागतिक आरोग्य संघटनेला २४ तासांत कळवण्याची बाब आहे. ते काम शासकीय यंत्रणा करील, परंतु तिला कळवणारी पहिली व्यक्ती नमुना पाठवणारा डॉक्टरच असतो.

निवासी_वैद्य

दोन्ही ठिकाणी दूरध्वनी केला. सेवकाचा नमुना घेण्यासाठी विभागाचे पथक आज सायंकाळी येत आहे आणि तो नमुना ते स्वतःच नेणार आहेत. रहिवाशांपैकी कालपासून आजारी असलेल्यांचे नमुने मी घेतले आहेत. मात्र कुरिअर सेवा आता सोमवारी सकाळीच मिळेल. तोपर्यंत ट्यूब फ्रीजरमध्ये ठेवाव्यात का?

शुश्रूषा

फ्रीजरमध्ये ठेवू नका. साध्या फ्रीजरच्या उणे २० अंशांवर गोठणे आणि पुन्हा वितळणे यांत विषाणूची हानी होते. फ्रिजच्या मुख्य कप्प्यात, २ ते ८ अंश सेल्सिअसला, ट्यूब उभ्या ठेवा; दाराच्या खणात नको, कारण दार उघडताना तेथील तापमान सतत बदलते. खाद्यपदार्थ किंवा औषधे असलेला फ्रिज वापरू नये. या तापमानाला नमुना साधारण ७२ तास चांगला राहतो, आणि हे तास संकलनापासून प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत मोजायचे असतात, फक्त आपल्याकडे असेपर्यंत नव्हे. सोमवारच्या प्रवासाचा वेळ धरून हिशेब त्यापलीकडे जात असेल तर उणे ७० अंशांची सोय असलेल्या जवळच्या प्रयोगशाळेत नमुने आजच पोहोचते करा आणि पुढे ते ड्राय आइसमध्ये पाठवायला सांगा. ड्राय आइसचा खोका कधीही हवाबंद करू नये, वायू बाहेर पडायला वाट हवी. आणि सोमवारी खोका निघण्यापूर्वी प्रयोगशाळेला पुन्हा एक दूरध्वनी करून नमुन्यांची संख्या, साथक्रमांक आणि खोका पोहोचण्याची अपेक्षित वेळ सांगून ठेवा, म्हणजे तो स्वागतकक्षात उन्हात पडून राहणार नाही.